वेबसाईट रेडिमेड घ्यायची की कस्टम कोड लिहून घ्यायचा? उत्तर जळगाव-धुळ्याच्या सरकारी साईटवरच सापडतं

फैजपूरला माझी मावशी केळीचे वेफर्स करते. घराच्या मागच्या पडवीत दोन भट्ट्या, चार बायका कामाला, आणि गिऱ्हाईक बहुतेक फोनवरचं. गेल्या महिन्यात तिनं मला व्हॉट्सॲपवर दोन कोटेशनचे फोटो पाठवले. एक १५ हजारांचं, वर्डप्रेसवर साईट करून देतो म्हणणारं. दुसरं ९० हजारांचं, त्यावर ठळक अक्षरात 'संपूर्ण कस्टम कोडिंग'. खाली तिचा प्रश्न होता, "एवढा फरक कशाचा? वेफर्स तर तेच आहेत ना?"

हा प्रश्न एकट्या मावशीचा नाही. जळगावातला क्लासवाला असो, धुळ्यातलं मंगल कार्यालय असो की एखाद्या तालुक्याच्या गावची पतसंस्था, वेबसाईट करायची ठरली की सगळे याच फाट्यावर येऊन थांबतात. मग स्वस्त ते बरं म्हणून एक जण इकडे जातो आणि महाग ते टिकाऊ म्हणून दुसरा तिकडे. दोघंही किंमत बघून ठरवतात, आणि खरी चूक तिथेच होते.

कशी, ते बघायला आधी दोन साईट उघडू.

जळगाव आणि धुळे, साईट जवळपास सारखीच

फोनवर एका टॅबमध्ये जळगाव जिल्ह्याची सरकारी वेबसाईट उघडा, दुसऱ्यात धुळे जिल्ह्याची. नाव वेगळं, फोटो वेगळे, अधिकाऱ्यांची यादी वेगळी. पण मांडणी बघा. जिल्ह्याविषयी, विभाग, पर्यटन, सूचना, नागरिकांसाठी सेवा. अक्षरं लहानमोठी करायची सोयसुद्धा दोन्हीकडे आहे. जुळ्या बहिणींना वेगवेगळ्या साड्या नेसवल्यासारखं वाटतं.

याचं कारण म्हणजे दोन्ही साईट एकाच साच्यातून निघाल्यात. केंद्र सरकारच्या एनआयसीनं, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं, 'एस-थ्री-वास' नावाची एक व्यवस्था उभी केलीय. तिच्या नावातच 'सुगम्य' हा शब्द आहे, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता यावी अशी. सर्व्हर, सुरक्षा आणि डिझाइन एनआयसी सांभाळतं, मजकूर जिल्हा प्रशासन भरतं. देशभरातल्या जिल्ह्यांच्या साईट या व्यवस्थेवर चालतात. आणि गंमत म्हणजे तिच्या मुळाशी आहे वर्डप्रेस. तेच, जे मावशीच्या १५ हजारांच्या कोटेशनमध्ये आहे. (अमेरिकेच्या व्हाइट हाऊसची साईटही २०१७ पासून वर्डप्रेसवरच आहे. त्यामुळे 'वर्डप्रेस म्हणजे पोराटोरांचं काम' असं कुणी म्हटलं तर हसून सोडून द्या.)

सरकारकडे प्रोग्रामरची कमी नाही. मग प्रत्येक जिल्ह्यासाठी वेगळी साईट का नाही लिहिली? कलेक्टर ऑफिसमधल्या माणसांचा विचार करा. जिल्हाधिकारी बदलतात, मजकूर भरणारा कर्मचारी दुसऱ्या विभागात जातो, नवा येतो. साचा सगळीकडे एकच असला तर नव्याला शिकवणं सोपं. धुळ्याच्या साईटमध्ये सुरक्षेचं भोक सापडलं, तर ते बुजवताना जळगावचंही बुजतं. साईट बांधणं कितीला पडेल यापेक्षा ती बांधणारा निघून गेल्यावर कोण सांभाळेल, हा विचार इथे आधी झालेला दिसतो.

आता याच सरकारची दुसरी बाजू बघा. सातबारा दाखवणारं महाभूलेख किंवा शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढून नोंद करायचं ई-पीक पाहणी ॲप, जे १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालं. यासाठी बाजारात तयार माल नव्हताच. गट नंबर, खातेदार, पोटखराबा, सामायिक क्षेत्र हे सगळं महाराष्ट्राच्या महसुली पद्धतीतलं. जगातल्या कुठल्याच कंपनीनं ते आधीच करून ठेवलेलं नव्हतं. ते लिहून घेणं भाग होतं. कापूसवाल्यांना २०२५ च्या हंगामात दिसलेलं सीसीआयचं 'कपास किसान' ॲपही असंच. शेतकऱ्याची नोंदणी, पेऱ्याचा पुरावा आणि खरेदी केंद्रावर माल आणायचा स्लॉट, हे काम कुठल्या दुकानातल्या पाकिटात मिळत नाही.

म्हणजे सरकारनं एक बाजू निवडलेली नाही. जे काम सगळ्या जिल्ह्यांचं सारखं, ते रेडिमेडवर. जे काम फक्त आपल्याकडेच असं चालतं, त्याला कोड. मावशीलाही हेच विचारायचं होतं, की तुझ्या धंद्यातलं असं काय आहे जे दुसऱ्या कुणाच्याच धंद्यात नाही?

'रेडिमेड'मध्येही स्वतःचं घर आणि भाड्याचं घर असतं

रेडिमेड म्हणजे एकच वस्तू नाही, हे कोटेशन देणारे फारसं सांगत नाहीत.

वर्डप्रेस २००३ साली आलं. ते फुकट आहे, त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, आणि आज जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त साईट त्यावर चालतात. दुकान मांडायचं असेल तर त्यावर वूकॉमर्स नावाचं जोडसॉफ्टवेअर बसवतात, तेही फुकट. खर्च येतो तो डोमेनचा म्हणजे साईटच्या नावाचा, होस्टिंगचा म्हणजे जागेचा, आणि बसवून देणाऱ्याच्या मजुरीचा. उद्या होस्टिंगवाला आवडला नाही तर सगळा बाडबिस्तरा उचलून दुसरीकडे नेता येतो.

शॉपिफाय किंवा विक्सचं गणित वेगळं. तिथे दर महिन्याला किंवा वर्षाला भाडं भरायचं, बाकी देखभाल त्यांची. डोक्याला ताप कमी. पण भाडं थांबलं की दुकानाचं शटर खाली, आणि घर बदलताना फर्निचर सोबत नेता येत नाही. उत्पादनांची यादी मिळते, साईट जशीच्या तशी मिळत नाही.

आणि फुकटच्या जागेचं काय होतं, ते २०२४ मध्ये दिसलं. गुगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून छोट्या दुकानदारांना एका पानाची वेबसाईट फुकट करता यायची. कित्येकांनी तीच लिंक व्हिजिटिंग कार्डावर, दुकानाच्या पाटीवर छापली होती. मार्च २०२४ मध्ये गुगलनं ही सोय बंद केली. १० जूनपर्यंत जुनी लिंक दाबली की दुकानाचं प्रोफाइल उघडत होतं, त्यानंतर तेही थांबलं. पाट्या मात्र तशाच राहिल्या.

म्हणून रेडिमेड घ्या, पण नाव स्वतःचं घ्या. डोमेनचा वर्षाचा खर्च बहुतेक वेळा हजार-दीड हजाराच्या आतला असतो. साईट कशावरही बांधा, नाव तुमचं असलं की पत्ता बदलत नाही.

कस्टमचं खरं बिल नंतर येतं

इथे मला मावशीची जुनी गोष्ट सांगायला हवी. हे तिचं पहिलं कोटेशन नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मुलानं तिला साईट लिहून दिली होती. मुलगा हुशार, काम मनापासून केलेलं. सगळा कोड त्यानं स्वतः लिहिला, कारण त्याला तसं करायला आवडायचं. (मास कॉमला असताना मीही ब्लॉगसाठी रेडिमेड टेम्प्लेट वापरायला लाजायचे, त्यामुळे मला ते कळतं.) मग त्याला पुण्यात नोकरी लागली. डोमेन त्यानं तीन वर्षांसाठी घेतलं होतं, स्वतःच्या ईमेलवरून. होस्टिंग मात्र एकाच वर्षाचं. ते संपल्याची सूचना त्याच्या इनबॉक्समध्ये कुठेतरी पडून राहिली आणि दिवाळीच्या आठ दिवस आधी साईट गायब झाली. मावशीला ते एका गिऱ्हाइकानं फोन करून सांगितलं. दुसऱ्या माणसाला दाखवलं तर तो म्हणाला, हे समजून घेण्यापेक्षा नवीन लिहिणं सोपं.

भाकरी खायची म्हणून कुणी गिरणी बांधत नाही. पण वेबसाईटच्या बाबतीत लोक सर्रास बांधतात, कारण गिरणी दिसत नाही. ऑर्डर घेणाऱ्या साध्या साईटमागे लॉगिन असतं, विसरलेला पासवर्ड बदलायची सोय असते, फोटो चढवायची जागा असते, पैसे भरल्याची खात्री असते, ऑर्डरचा ईमेल असतो. वर्डप्रेसमध्ये यातली प्रत्येक गोष्ट हजारो डोळ्यांखालून गेलेली आहे. एकट्यानं लिहिलेल्या कोडमध्ये ती फक्त त्याच्या डोळ्यांखालून गेलेली असते. कोटेशनमध्ये 'ग्राहकाचं कार्ड सेव्ह करायची सोय' असं काही दिसलं तर तिथेच थांबून विचारा. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दुकानदाराला ग्राहकाच्या कार्डाचा नंबर स्वतःकडे साठवता येत नाही. ते काम पेमेंट गेटवेवर सोडायचं असतं.

शिवाय कोड शिळा होतो. साईट ज्या भाषेत लिहितात तिच्याही आवृत्त्या असतात. पीएचपीच्या ७.४ या आवृत्तीला सुरक्षेचे अपडेट मिळणं नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झालं. त्यावर लिहिलेल्या रेडिमेड सॉफ्टवेअरवाल्यांनी आपापली दुरुस्ती केली. कस्टम साईटची दुरुस्ती ज्याची त्यानंच करायची, आणि 'ज्याचा तो' पुण्यात.

मराठी साईटला आणखी एक दुखणं. डेटाबेस तयार करताना अक्षरांची जुनी पद्धत निवडलेली राहिली, तर मराठी नाव टाकल्यावर आत साठतात नुसती प्रश्नचिन्हं. '????? ?????' अशा नावाच्या पावत्या तुम्हीही पाहिल्या असतील. ते फॉन्टचं काम नसतं, फॉन्ट बदलून ते सुधारत नाही. मूळ अक्षरंच गेलेली असतात.

आता कुणी म्हणेल, एआयला सांगितलं की तासाभरात साईट लिहून मिळते, मग कस्टम महाग कुठे राहिलं? बरोबर आहे, लिहिणं स्वस्त झालं. सांभाळणं झालेलं नाही. एआयनं लिहिलेला कोड तुम्हाला वाचता येत नसेल, तर तुम्ही पुन्हा मावशीच्याच जागी आहात, फक्त यावेळी पुण्याला फोन करायचीही सोय नाही.

पैसे दिले, म्हणून कोड तुमचा झाला का?

बहुतेकांना हे माहीत नसतं, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्राम हा साहित्यकृतीत मोडतो. म्हणजे कादंबरी आणि कोड एकाच रांगेत. तुमच्याकडे पगारी नोकरीवर असलेल्या माणसानं नोकरीचा भाग म्हणून कोड लिहिला तर त्याचा पहिला मालक तुम्ही. पण बाहेरच्या फ्रीलान्सरला पैसे देऊन लिहून घेतला, आणि मालकीबद्दल काही करार केला नाही, तर कलम १७ प्रमाणे मालक तो लिहिणारा. पूर्ण पैसे दिले असले तरी.

मालकी आपल्याकडे घ्यायची तर ती लेखी आणि सहीनिशी घ्यावी लागते. तिथेही मेख आहे. कागदावर मुदत लिहिली नाही, तर कलम १९ नुसार ती ५ वर्षांची धरली जाते. कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नाही, तर फक्त भारतापुरती. 'कोडचे सर्व हक्क ग्राहकाला दिले' एवढ्या एका ओळीवर समाधान मानू नका. कायमसाठी आणि जगभरासाठी, हे दोन शब्द त्यात हवेत.

रेडिमेडमध्ये ही भानगड कमी. वर्डप्रेसचा कोड तुमच्या मालकीचा होत नाही, पण वापरायची, बदलायची आणि दुसऱ्या कुणाकडूनही दुरुस्त करून घ्यायची मुभा त्याच्या परवान्यातच आहे. जळगावचा माणूस गेला तर भुसावळचा सापडतो.

रेडिमेडवाल्यांनीही फार हुरळून जाऊ नये

१५ हजारांच्या साईटची दुखणी वेगळी असतात. पहिलं म्हणजे प्लगिनचा हव्यास. हे हवं, टाक प्लगिन. ते हवं, टाक प्लगिन. बघता बघता ३० होतात, साईट उघडायला वेळ लागतो आणि प्रत्येक प्लगिन म्हणजे घराला पाडलेलं एक जास्तीचं दार. सप्टेंबर २०२० मध्ये 'फाइल मॅनेजर' नावाच्या प्लगिनमध्ये असं भोक सापडलं की पासवर्डशिवाय कुणालाही साईटवर स्वतःच्या फाइल चढवता येत होत्या. तेव्हा ते ७ लाखांहून जास्त साईटवर बसवलेलं होतं. दुरुस्ती लगेच आली, पण ज्यांनी अपडेटचं बटण दाबलं नाही त्यांना तिचा उपयोग शून्य. ते बटण कोण दाबणार, हे ठरलेलं नसेल तर १५ हजारांची साईटही महागच पडते.

रेडिमेडही म्हातारं होतं. ड्रुपल ७ ही आवृत्ती २०११ ला आली आणि ५ जानेवारी २०२५ ला तिचा आधार थांबला. फरक एवढाच की तारीख आधी सांगितली जाते, उलट पुढेही ढकलली गेली होती.

आणि मराठीचा त्रास इथेही आहे. परदेशी डिझाइनमध्ये देवनागरीसाठी जागाच सोडलेली नसते, मग ओळींतलं अंतर कमी पडून वेलांटी आणि रफार कापले जातात. लेखाला मराठी शीर्षक दिलं की वर्डप्रेस त्याचीच लिंक बनवतं, आणि ती व्हॉट्सॲपवर टाकली की टक्क्यांची चिन्हं आणि आकडे यांची भलीमोठी माळ दिसते. कारण लिंकमध्ये देवनागरीचं एक अक्षरचिन्ह ९ चिन्हांची जागा खातं. वर्डप्रेस त्यासाठी २०० चिन्हंच ठेवतं, म्हणजे २२ अक्षरचिन्हांनंतर शीर्षक तुटतं. उपाय फुकट आहे. लिंकच्या रकान्यात रोमन अक्षरांत दोन-तीन शब्द हातानं लिहायचे. पण साईट करून देणाऱ्यानं हे सांगायला हवं, आणि तो सांगत नाही.

मग कोड कधी लिहायचा?

समजा यावलचा एखादा कापूस व्यापारी म्हणाला, शेतकऱ्यानं घरून ओलावा आणि क्विंटल टाकले की त्याला अंदाजे भाव दिसला पाहिजे. सीसीआय हमीभावानं घेताना ८ ते १२ टक्के ओलाव्याची मर्यादा धरते, ८ च्या वर गेलं की भाव कापला जातो. व्यापाऱ्याचा हिशेब त्याचा स्वतःचा असेल, त्यात कचरा, धाग्याची लांबी, वाहतूक येईल. हे गणित त्याच्या धंद्याचा जीव आहे. ते लिहून घ्यावं. पण फक्त तेवढंच. पत्ता, फोटो, बातम्या, संपर्क हे सगळं रेडिमेडवर ठेवून हे एक गणित त्याला जोडता येतं.

उलट वाचनालयाला कोड लिहून घ्यायचा मोह झाला तर त्यांना 'कोहा'ची गोष्ट सांगावी. १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या वाचनालयांचं जुनं सॉफ्टवेअर २००० सालात पाऊल टाकताच बंद पडणार होतं. त्यांना परवडेल असं काही मिळेना, म्हणून त्यांनी नवं लिहून घेतलं आणि ते सगळ्यांसाठी खुलं केलं. कोहा म्हणजे माओरी भाषेत भेट. आज भारतातली कित्येक विद्यापीठं पुस्तकांची देवघेव त्यावर करतात. तो कोड एकदा लिहून झालाय. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिरामुळे पोथ्या आणि दप्तरं जपायची मोठी परंपरा आहे. असा संग्रह असलेल्या कुठल्याही संस्थेला तो ऑनलाइन मांडायचा झाला, तर डीस्पेस आहे. देशभरातले पीएचडीचे प्रबंध ठेवणारी शोधगंगा त्यावरच चालते.

आता मावशी. तिच्या धंद्यात एक गोष्ट खरंच वेगळी निघाली. तिचा माल कुरिअरनं फार जात नाही. तो रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं सुरत, पुणे, नाशिकला जातो आणि गिऱ्हाईक सकाळी बस थांबते तिथे जाऊन पिशवी उचलतं. सुरतेत खानदेशी माणूस भरपूर, त्यामुळे तिकडच्या ऑर्डर सगळ्यात जास्त. ९० हजारवाल्याचा सगळा जोर यावरच होता की 'ही सोय कुठल्याच रेडिमेडमध्ये नाही मिळणार.'

मी एका रविवारी वूकॉमर्स उघडून बसले. त्यात 'लोकल पिकअप' म्हणून सोय आहे, दुकानातून माल घेऊन जाणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी. पिकअपची ठिकाणं एकापेक्षा जास्त टाकता येतात. आम्ही तिथे सुरत, पुणे आणि नाशिकचे बसचे थांबे टाकले, प्रत्येकापुढे पार्सलचे पैसे लिहिले. काम संपलं. एक ओळही कोड लागला नाही.

१५ हजारवाल्याला काम दिलंय. नवं डोमेन मावशीच्या ईमेलवरून घेतलं, नूतनीकरणाची तारीख भट्टीजवळच्या कॅलेंडरवर लिहिलीय, आणि महिन्यातून एकदा अपडेटचं बटण दाबायची जबाबदारी तिच्या बारावीतल्या मुलीकडे आहे. जुनं डोमेन अजून त्या मुलाकडेच आहे. मावशीनं मेसेज केला होता. "काकू, शनिवारी बघतो," असं उत्तर आलंय.